शेपटीवरचे लोकरीचे धागे

मे २०२५च्या भारत-पाकिस्तान संघर्षात पाकिस्तानची चिनी बनावटीची जे-१० विमानं जगभर चर्चेत आली. तेव्हा संपादकांनी मला विचारलं, चीन इथवर कसा पोचला, हे लिहाल का? कारखान्यांचा इतिहास चाळून व्हायला वेळ लागला नाही. १९५४ साली नानचांगला सोव्हिएत याक-१८च्या आराखड्यावरून शिकाऊ विमान बनलं. १९५६ साली शेनयांगमधून मिग-१७ची चिनी प्रत उडाली. तिच्यामागून मिग-१९ आली. १९६० साली सोव्हिएत तज्ज्ञ मायदेशी निघून गेले आणि १९६६ साली मिग-२१ची प्रत उडाली, ती बरीचशी चिनी अभियंत्यांनी स्वतःच सोडवलेल्या कोड्यांच्या बळावर. हेच मिग-२१ आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला बनत होतं. तारखांची ही माळ मी वहीत उतरवली. पण एका माणसापाशी येऊन अडकलो, तो अजून सुटलेलो नाही.

गू सोंगफन यांचा जन्म १९३० सालचा, सुचौचा. १९५१ साली शांघायच्या च्याओतोंग विद्यापीठातून विमानविद्येची पदवी घेऊन ते या उद्योगात आले. १९५६ साली शेनयांगला देशातलं पहिलं विमान-रचना कार्यालय उभं राहिलं आणि शू शुनशौ यांच्या हाताखाली स्वतःच्या आराखड्याचं पहिलं जेट विमान बनवायचं ठरलं. त्यासाठी निवडलं ते प्रशिक्षक विमान, जेजे-१. मिगच्या नाकातच हवा घेणारं भोक असे. इथं ती तोंडं दोन्ही बाजूंना न्यायची होती, म्हणजे नाक मोकळं राहतं. हे कसं करायचं, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. लागणारी माहिती पेइचिंगच्या विमानविद्या संस्थेच्या ग्रंथालयात होती. दिवसा ते विद्यार्थ्यांसाठी राखलेलं, म्हणून गू पेइचिंगला जाऊन रात्री जुन्या सायकलवरून तिथं पोचत आणि आकृत्या पारदर्शक कागदावर गिरवून आणत. विंड टनेलमधल्या चाचणीत हवेचा दाब मोजायला बारीक नळ्या हव्या होत्या. त्या मिळेनात, तेव्हा त्यांनी इस्पितळातून टाकून दिलेल्या इंजेक्शनच्या सुया आणल्या आणि कंगव्याच्या दातांसारख्या ओळीनं डाक देऊन जोडल्या. २६ जुलै १९५८ला जेजे-१ उडालं. पुढे प्रशिक्षणाची पद्धत बदलली आणि त्याचं उत्पादन झालंच नाही. सुयांचा तो कंगवा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मग जे-८ आलं. दोन इंजिनांचं, ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगानं उंच जाणारं लढाऊ विमान. त्याचे मुख्य रचनाकार हुआंग चिछ्येन हे गूंचे साडू. २० मे १९६५ला ते युरोपच्या कामासाठी निघाले होते. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचं त्यांचं विमान कैरोला उतरताना कोसळलं. १२७ जणांपैकी फक्त सहा वाचले. हुआंग त्यांत नव्हते. त्या दिवसानंतर घरात एक करार झाला: यापुढे आपल्यातलं कुणी विमानात बसायचं नाही.

जे-८चं काम गू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेलं. ५ जुलै १९६९ला ते उडालं. पण ध्वनिवेगाच्या जवळ गेलं की सगळं विमान थरथरायला लागे. खडबडीत रस्त्यावर मोडकी एसटी हादरावी, तसं. हवा कुठंतरी विमानाच्या अंगाला चिकटून राहत नव्हती, सुटून भोवऱ्यात जात होती. कुठं, ते विंड टनेलमध्ये नीट दिसेना.

१९७८ साली गूंनी विमानाच्या मागच्या भागावर आणि शेपटीवर लोकरीचे धागे चिकटवून घेतले. हवा सुरळीत वाहत असली की धागा अंगाला धरून सरळ पडतो. ती सुटली की धागा वेडावाकडा फडफडतो. पण ते बघायचं कुणी? वैमानिकाला स्वतःच्या विमानाची शेपूट दिसत नाही. दुसऱ्या विमानातून, जवळून, जाणत्या नजरेनं बघायला हवं होतं. गूंनी ठरवलं, मी जातो. वय ४८, लढाऊ विमानात बसण्याचं प्रशिक्षण नाही, आणि घरातला करार मोडायचा. पत्नीला त्यांनी सांगितलं नाही. मिग-१९च्या दोन आसनी चिनी प्रशिक्षक विमानात, जेजे-६मध्ये, वैमानिक लू मिंगदोंग यांच्यामागे ते बसले. हातात दुर्बीण आणि कॅमेरा. एकदा नव्हे, तीनदा. प्रत्येक वेळी थरथरणाऱ्या विमानाला जवळजवळ खेटून. धागे कुठं बिथरतात ते त्यांनी पाहिलं, शेपटीजवळचा आकार बदलला आणि थरथर थांबली. साडू गेले त्याच आकाशात हा माणूस फक्त लोकर बघायला तीनदा गेला, हे लिहिताना आजही मला भरून येतं.

३१ डिसेंबर १९७९ला जे-८चा आराखडा पक्का झाला. तोवर जग पुढे गेलं होतं. नाकात हवेचं तोंड, म्हणून मोठं रडार बसवायला जागा नाही. गूंच्याच नेतृत्वाखाली ती तोंडं बाजूंना नेली, जेजे-१वर शिकलेलं सव्वीस वर्षांनी कामी आलं, आणि १२ जून १९८४ला जे-८ची दुसरी पिढी उडाली. मोकळ्या नाकात घालायला रडार मात्र तोडीचं नव्हतं. त्यासाठी १९८७ साली अमेरिकेच्या ग्रमन कंपनीशी करार झाला. १९८९च्या थ्येनआनमन चौकातल्या दडपशाहीनंतर अमेरिकेनं हात आखडता घेतला आणि पुढच्याच वर्षी चीननं तो करार सोडला.

इंजिनाचं दुखणं त्याहून खोल. जे-१० १९९८ साली उडालं आणि जे-२० २०११ साली, पण जे-१० पुढे कितीतरी वर्षं रशियन इंजिनांवर उडत राहिलं आणि जे-२०च्या सुरुवातीच्या विमानांतही तीच होती. ध्वनिवेग ओलांडणारं एल-१५ हे प्रशिक्षक विमान युक्रेनी इंजिनांवर वाढलं. ताइहांग नावाच्या स्वतःच्या इंजिनावर भरवसा यायला दशकं गेली. कारण टर्बाइनचं पातं ज्या वायूत फिरतं, तो पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पात्याच्या आतून बारीक वाटांनी थंड हवा खेळवायची आणि अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं. तिथं धागा चिकटवून, शेजारून उडत बघता येत नाही. ओतायचं, चालवून बघायचं, तडकलं की पुन्हा ओतायचं.

आपल्याकडे तेजस या लढाऊ विमानासाठीच्या कावेरी इंजिनाला १९८९ साली मंजुरी मिळाली. १७ ऑक्टोबर २०२५ला ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एनं उड्डाण केलं. त्याच्या पोटात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं एफ-४०४ इंजिन आहे.