मागच्या दाराचे आमदार?

कराड, विटा, जत, कुठेही विषय काढा. विधान परिषद म्हणजे पडलेल्यांची सोय, हे उत्तर ठरलेलं. ते अगदीच खोटं नाही. तिकीट कापलेल्यांची समजूत काढायला परिषदेची जागा सगळेच पक्ष वापरतात. पण या एका टोमण्यापायी आपल्या हक्काच्या बऱ्याच गोष्टी आपणच सोडून दिल्या आहेत.

पहिला समज असा, की परिषदेचे आमदार नेतेमंडळीच ठरवतात, सामान्य माणसाला त्यात मत नाही. सभागृहात 78 जागा आहेत. त्यातले 30 सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, 7 पदवीधर आणि 7 शिक्षक मतदारसंघांतून, आणि 12 जण राज्यपाल नियुक्त करतात. सातारा-सांगलीचा पदवीधर पुणे विभागात मतदान करतो. पुणे, सोलापूर आणि कोल्हापूर जिल्हेही त्यातच. 2020 मध्ये या मतदारसंघातून निवडून आलेले अरुण लाड कुंडलचे.

पदवीधरांचा उमेदवार पदवीधरच लागतो, हेही खरं नाही. ती अट मतदाराला आहे, उमेदवाराला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच तसा निकाल दिला आहे. शिक्षक मतदारसंघात मात्र उलटा गोंधळ असतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी आपल्यालाही मत आहे असं धरून चालतात. घटनेत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांचाच उल्लेख आहे.

परिषदेत जाण्याचा तिसरा रस्ता सांगली-सातारा स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाचा. इथे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मत देतात. पंचायत समितीचे सभापतीही त्यात येतात. सरपंचाला मत नाही. 2016 मध्ये मोहनराव कदम इथून निवडून गेले. डिसेंबर 2022 मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा दोन्ही जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले होते. मतदारच नाहीत, तर निवडणूक कशी घेणार? जागा रिकामी पडली. जिल्हा परिषदेची निवडणूक लांबली की गावातला रस्ता अडतो एवढंच आपल्याला दिसतं. मुंबईतलं एक बाकही रिकामं राहतं, हे कुणी बोलत नाही.

‘तिथे जाऊन करतात काय?’ हा सगळ्यात आवडता प्रश्न. दिवसाची सुरुवात बहुधा प्रश्नोत्तराच्या तासाने होते. सदस्याने तारांकित प्रश्न आधीच लेखी दिलेला असतो. समजा, जत तालुक्यातल्या पाणी योजनेचं काम रखडल्याचा प्रश्न आहे. तो ‘हे खरे आहे काय’ असाच विचारायचा. छापील उत्तरात ‘अंशतः खरे आहे’ आणि खाली ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं आलं, की मुरलेला सदस्य तिथेच पकडतो: अंशतः म्हणजे किती? पैसे कधी मिळाले, ठेकेदाराला मुदतवाढ किती वेळा दिली? हे उपप्रश्न मंत्र्याला उभं राहून झेलावे लागतात. पुढे लक्षवेधी, औचित्याचे मुद्दे, नियम 260 खालची लांबलचक चर्चा. नियम 289 खाली तर ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून तातडीचा विषय घ्या, अशी मागणी करता येते. सभापती ती बहुतेक वेळा फेटाळतात, पण विषय नोंदीत जातो. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे बघायला आश्वासन समिती आहे. गोंधळ टीव्हीवर दिसतो, समितीची बैठक दिसत नाही.

ताकदीबद्दल लोक दोन टोकांना जातात. परिषद सरकार पाडू शकत नाही. सरकारला जाब विचारायचा तो विधानसभेने. नेहमीचं विधेयक परिषद पहिल्या खेपेला तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर एक महिना थोपवू शकते, धन विधेयक फक्त 14 दिवस. राज्यसभेच्या निवडणुकीत परिषदेच्या आमदाराला मत नाही, राष्ट्रपतींच्याही नाही. पण मुख्यमंत्रिपदाला काही आडकाठी नाही: कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाल्यावर 2011 मध्ये परिषदेचेच सदस्य झाले.

आणि सभापतिपद शोभेचं म्हणणाऱ्यांना वि. स. पागे सांगायला हवेत. फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर 2015 ते 2022 सभापती होते, हे अनेकांना आठवतं. सांगली जिल्ह्यातले पागे 1960 ते 1978 त्या खुर्चीवर होते, हे फार थोड्यांना. तासगाव तालुक्यातल्या विसापूरमधून त्यांनी रोजगार हमीची कल्पना आजमावली. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाने तो धागा उचलला. पगाराच्या स्लिपवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो ना? तो कर 1975 मध्ये याच योजनेसाठी लागू झाला.

शेवटचा गैरसमज सुशिक्षितांचा: यादीत नाव आहेच. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला कोरी बनते, विधानसभेच्या यादीतलं नाव इथे चालत नाही. 1 नोव्हेंबरच्या आधी पदवीला तीन वर्षं झालेली असली तर अर्ज क्रमांक 18 भरायचा, शिक्षकांनी 19. केंद्रात मिळालेल्याच पेनने उमेदवारापुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे. बरोबरची खूण केली तर मत बाद, आणि दर वेळी हजारो पदवीधर नेमकं तेच करतात. 2020 च्या डिसेंबरमध्ये निवडून आलेल्यांची सहा वर्षं 2026 च्या डिसेंबरमध्ये भरतात. अर्ज भरून ठेवा.