गरम चहा, गार श्वास

पेपरमिंटच्या पानांचा गरम चहा घ्या आणि घोट गिळल्यावर तोंडाने श्वास आत ओढा. जीभ, टाळू, घसा, सारे गार! जिभेखाली तापमापी धरली, तर तापमान मात्र मुळीच उतरलेले दिसत नाही. मग हा गारवा येतो कोठून?

‘मेंथॉलचे बाष्पीभवन होते म्हणून’ असे उत्तर वर्गात हमखास मिळते. पण कपभर चहात मेंथॉल असते अवघे काही मिलिग्रॅम. तेवढ्याने तोंड कसे थंड होणार? खरे उत्तर चेतातंतूंत आहे. त्यांच्या टोकांवर टीआरपीएम-८ नावाची प्रथिने असतात. तापमान साधारणपणे २५ ते २८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ती उघडतात, कॅल्शियमचे आयन आत शिरतात व मेंदूला ‘थंड’ असा संदेश जातो. मेंथॉलचा रेणू या प्रथिनाला चिकटला, की ही मर्यादा वर सरकते. मग खोलीतील साध्या हवेचा श्वासही बर्फासारखा वाटतो. २००२ साली डेव्हिड ज्यूलियस व आर्डेम पटापूटियन यांच्या गटांनी हे स्वतंत्रपणे शोधले. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घरी पुदिन्याची पाने चावून हा प्रयोग कराल, तर निराशा होईल. आपल्या बाजारातील पुदिना बहुधा मेंथा स्पायकाटा; त्याच्या तेलात मुख्यत्वे कार्व्होन असते, मेंथॉल नाममात्र. पेपरमिंट हा त्याचा व पाणथळीतील मेंथा ॲक्वाटिकाचा संकर. लिनियसने १७५३ साली त्याचे नामकरण केले. संकर वांझ असल्याने त्याची लागवड धुमाऱ्यांपासून करतात. तेव्हा प्रयोगासाठी पेपरमिंटची गोळी चघळा व वर माठातले पाणी प्या!

चहासाठी दीड ते तीन ग्रॅम वाळलेली पाने कपभर उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावीत, आणि वर झाकण हवेच. तेल बाष्पनशील आहे. स्वयंपाकघरभर दरवळणारा सुगंध म्हणजे कपातून निसटलेला माल. या चहात कॅफिन नसते.

पोटदुखीवर हा चहा युरोपात पूर्वापार देतात. मेंथॉलने आतड्याचे स्नायू सैलावतात, हे खरे. परंतु रुग्णांवरील चाचण्या प्रामुख्याने तेलाच्या, आतड्यातच विरघळणाऱ्या कुप्यांच्या झाल्या; त्यांचे यश चहाच्या नावावर जमा करता येत नाही. शिवाय अन्ननलिकेच्या तळाची झडपही सैलावते, त्यामुळे छातीत जळजळ असणाऱ्यांचा त्रास वाढू शकतो. तान्ह्या बाळाच्या नाकाला मात्र मेंथॉलयुक्त मलम कधीही लावू नये. त्याचा श्वास अडकू शकतो.