कपाटाखालचा दिवा आणि जुन्या तारा

छताचा दिवा पाठीमागे असला, की ओट्यावर काम करणाऱ्या व्यक्तीची सावली तिच्याच हातांवर पडते. म्हणून ओट्यावरील कपाटाच्या तळाशी एखादा लहान दिवा बसवावा, अशी कल्पना सुचते आणि ती योग्यच होय. प्रश्न असतो तो दिव्याला जोडावयाच्या तारांच्या वयाचा.

कलकत्त्यात १८९९ साली वीजपुरवठा सुरू झाला. त्यानंतरच्या अर्धशतकात शहरांतील घरांतून ज्या तारा टाकल्या गेल्या, त्यांपैकी पुष्कळांवर गंधक घालून पक्के केलेल्या रबराचे वेष्टन असे आणि त्या लाकडी पट्टीच्या खाचेत बसवून वर झाकणपट्टी ठोकलेली असे. गंधकामुळे तांबे खराब होऊ नये म्हणून तारेवर कथिलाचा मुलामा दिला जाई. त्यामुळे अशी तार पांढरी दिसते आणि अनभिज्ञ माणूस तिला ॲल्युमिनियमची समजतो. किंचित खरवडले म्हणजे आतला तांबूस रंग दिसतो. खरी ॲल्युमिनियमची तार पुढे तांब्याच्या टंचाईच्या काळात आली. हा धातू मऊ असल्याने स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो व जोड सैल पडतो. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर प्रवाह रोखणारी पातळ साय धरते. सैल जोड तापतो, तापल्याने आणखी सैल होतो.

रबराचा शत्रू म्हणजे उष्णता. चुलीच्या धगीत आणि फोडणीच्या धुरात वीस-तीस वर्षे काढलेले वेष्टन हात लावला नाही तोवर शाबूत दिसते. तार वाकविताच त्याचे कपचे उडतात. दिवा बसवायचा म्हणजे तार वाकविणे आलेच!

यावर काही जण म्हणतात, की फ्यूज आहे ना! ही समजूत घातक आहे. वितळतार राखते ती तारेला, माणसाला नव्हे. पाच अँपिअरची वितळतार ज्या प्रवाहाने कोमटदेखील होत नाही, त्या पन्नास मिलिअँपिअरने, म्हणजे शंभराव्या हिश्श्याने, मनुष्याचे हृदय थांबू शकते. जुन्या घरांत बहुधा दोनच तारा असतात, भूसंपर्काची तिसरी तार नसते. अशा ठिकाणी दिव्याचे धातूचे आवरण सजीव तारेला टेकले, तर पाण्याने ओले झालेले हात आणि ओली फरशी यांतून प्रवाहाला वाट मिळते. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारे रक्षक साधन याचसाठी आहे. ते जुन्या तारांवर वारंवार तुटू लागले, की लोक त्यालाच दोष देऊन काढून टाकतात. वास्तविक ते गळतीचीच वर्दी देत असते.

बटण बंद केल्याने तार निर्जीव होते, असेही नाही. पूर्वीच्या कारागिराने बटण चुकून उदासीन तारेत बसविले असल्यास दिवा विझतो, पण त्याच्या बैठकीपर्यंत २३० व्होल्ट तसेच राहतात. लाल म्हणजे सजीव, काळी म्हणजे उदासीन, हिरवी म्हणजे भूसंपर्काची, या संकेतावरही जुन्या घरात विसंबू नये. मुख्य बटण बंद करावे, फ्यूजची किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. टेस्टर आधी चालू जागी तपासावा, मग तारेला लावावा, नंतर पुन्हा चालू जागी लावून पाहावा. यासाठी शेजारच्या पुरवठ्याचा एखादा प्लग हाताशी असावा. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले असता टेस्टर इतका मंद उजळतो, की तो विझलेलाच वाटतो. परवानाधारक वायरमन म्हणूनच दोन टोकांचा चाचणी-दिवा वापरतो.

यापुढचे काम त्याचेच आहे. दिवा, पंखा वा फ्यूज बदलण्यापलीकडची जोडणी परवानाधारकानेच करावी, असे १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत होते आणि नंतरच्या विनियमांतही हे तत्त्व राहिले. तो ५०० व्होल्टच्या मेगरने वेष्टनाचा रोध मोजतो. निकाल असमाधानकारक आल्यास जुन्या तारेला नवा फाटा जोडणे सोडून वितरणपेटीपासून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची, भूसंपर्कासह नवी तार टाकणे हाच मार्ग उरतो. बारा व्होल्टवर चालणारे आजचे एलईडी पट्टीदिवेही याला अपवाद नाहीत. पट्टीला स्पर्श झाला तर भय नाही, परंतु तिला पुरवठा करणाऱ्या डबीच्या दुसऱ्या बाजूस २३० व्होल्टच असतात. ती डबी डब्या-बरण्यांच्या मागे कोंडून न ठेवता हवा खेळेल अशा जागी बसवावी.