पाण्याखालील ग्लायडरची दुरुस्ती व पुनर्योजना

सागरसंशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लायडरला सामान्यतः मळसूत्री पंखा नसतो. अंतर्गत पंपाच्या साहाय्याने तो आपले आकारमान किंचित कमी-अधिक करतो. आकारमान घटले की तो बुडतो, वाढले की वर येतो. आणि बाजूच्या पंखांमुळे या उभ्या हालचालीतूनच पुढची गती निर्माण होते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचा ‘आरयू-२७’ हा ग्लायडर याच रीतीने २००९ साली २२१ दिवसांत ७,४१० किलोमीटर प्रवास करून न्यू जर्सीहून स्पेनला पोहोचला. त्याच मार्गाने निघालेला त्याचा पूर्वगामी ‘आरयू-१७’ मात्र २००८ साली अझोर्स बेटांच्या परिसरात हरपला होता.

अशा यंत्राची दुरुस्ती म्हणजे निकामी भाग बदलणे, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु खरे कार्य त्यानंतरच सुरू होते. कवच उघडले की सांध्यांवरील रबरी कड्या तपासाव्या लागतात. तेथे एखादा केस राहिला तरी पाणी आत शिरू शकते. म्हणून कवच मिटल्यावर आतील काही हवा काढून घेऊन दाब स्थिर राहतो की नाही, हे पाहतात. बॅटऱ्या बदलल्या असल्यास होकायंत्रही पुन्हा तपासतात.

यापुढील प्रश्न वजनाचा. ग्लायडरचे आकारमान ५२ लिटर मानू. गोड्या पाण्याची घनता दर घनमीटरला १,००० किलोग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १,०२५ असते. अर्थात गोड्या पाण्याच्या टाकीत समतोल साधलेल्या ग्लायडरला समुद्रासाठी आणखी १.३ किलोग्रॅम वजन द्यावे लागते. किनारी जातीच्या ग्लायडरचा पंप आकारमानात सुमारे अर्ध्या लिटरचाच फरक करू शकत असल्याने ही तूट त्याच्याने भरून निघत नाही. वजन कमी पडले तर यंत्र बुडणार नाही. अधिक झाले तर वर येणार नाही. आणीबाणीत सोडून द्यावयाचे वजन असते खरे, परंतु ते सुटले की मोहीमही संपते.

समुद्र बदलला की हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. २०१६ च्या पावसाळ्यात गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधु साधना’ जहाजावरील भारत-ब्रिटन मोहिमेत बंगालच्या उपसागरात ग्लायडर वापरले गेले. पावसाच्या व नद्यांच्या पाण्यामुळे या उपसागराचा वरचा थर हलका असतो. घनतेत एका किलोग्रॅमचा फरक पडला, तरी वरील ग्लायडरचे वजन ५२ ग्रॅमनी बदलावे लागते. म्हणूनच प्रथम दोर बांधून त्याला थोडे बुडवून पाहतात, आणि मगच मोकळे सोडतात.