सॅल्मनच्या ताटात सोयाबीन

नॉर्वेच्या खाड्यांत, जाळीच्या पिंजऱ्यांत वाढणारा सॅल्मन हा जात्याच मांसाहारी मासा. १९९० च्या सुमारास त्याच्या खाद्यातला सुमारे ९० टक्के भाग समुद्रातूनच यायचा: छोट्या माशांची भुकटी आणि तेल. मासे वाढवायला मासेच मारायचे, असा हा उफराटा व्यवहार! पुढच्या पंचवीसेक वर्षांत हा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास आला आणि त्याची जागा सोया, गहू, मोहरीवर्गातल्या बियांचं तेल यांनी घेतली.

सोयाबीन सॅल्मनला सुखासुखी पचलं नाही. साधी सोयापेंड जास्त झाली की आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अन्नरस शोषणाऱ्या उंच घड्या खुरटलेल्या दिसतात. मुख्य संशयित म्हणजे सोयातली सॅपोनिनं नावाची द्रव्यं. म्हणून पेंड अल्कोहोलने धुऊन काढतात. सॅपोनिनं बरीचशी निघून जातात आणि उरतं घट्ट प्रथिन. त्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते वरून घालायचं.

प्रोबायोटिकचा, म्हणजे आतड्याला उपकारक जिवाणूंचा, प्रवेश इथे होतो. पेडिओकोकससारखे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू आतड्यातल्या उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाहीत. गंमत अशी, की खाद्याच्या गोळ्या शंभर अंशांच्या वरच्या तापमानात दाबून काढतात. त्यात हे बिचारे कसले टिकणार? म्हणून गोळ्या थंड झाल्यावर त्यांना तेलातून जिवाणूंचा लेप देतात. बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू मात्र उष्णतेला बरेच चिवट. पण सूज आणणारी पेंड तशीच ठेवून नुसते जिवाणू शिंपडणं, हा काही इलाज नव्हे.