ठिगळाचा मान

अकराव्या शतकात गझनीकडून येऊन लाहोरास स्थायिक झालेल्या आणि ज्यांचा दर्गा तेथे आजही गजबजलेला असतो त्या अली हुजवेरींनी ‘कश्फ-उल-महजूब’ या आपल्या फारसी ग्रंथात दरवेशांच्या ठिगळांच्या वस्त्रावर, म्हणजे ‘मुरक्का’वर, एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. दरवेशाच्या अंगी निदान काय असावे, असे त्यांनी तूस येथे अबुल कासिम गुरगानी यांना विचारले असता, उत्तरादाखल मिळालेल्या तीन गोष्टींत ठिगळ नीट लावता येणे ही पहिली होती, असे त्यांनी नमूद केले आहे. या ‘नीट’चा त्यांनी केलेला उलगडा मला फार मोलाचा वाटतो: लोकांनी पाहावा म्हणून घातलेला टाका कितीही सुबक असला तरी चुकला, आणि फकिरीच्या निष्ठेने घातलेला वाकडा गेला तरी साधला.

सिंधमधील रिल्ली पाहताना हा विचार हटकून आठवतो. रिल्ली ही आपल्या गोधडीची सख्खी बहीण. आत जुन्या, विटलेल्या कापडांचे थर, वर रंगीत तुकड्यांची जोडणी. कापडाची घडी घालून कात्री चालवली की उलगडताना चहूकडे सारखी नक्षी निघते, ती वर शिवायची, आणि मग चटईवर समोरासमोर बसून दोघीतिघींनी जाड दोऱ्याने या काठापासून त्या काठापर्यंत धावदोरा घालीत जायचे. मुलीच्या लग्नातला आहेर आणि फकिराच्या खांद्यावरची गुदडी, दोन्ही याच हातांची. कोणता टाका कोणत्या खानकाहातून, म्हणजे सूफी मठातून, आला, असा दाखला येथे मागू नये. शिवणाऱ्यांत मुसलमान आहेत तशा हिंदूही आहेत, आणि पिराच्या उरुसाला दोघीही जातात.

त्याच सिंधचे सूफी कवी शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांच्या ‘रिसालो’ या काव्यसंग्रहात कातणाऱ्या स्त्रीला उद्देशून ‘कपाइती’ हा सूर, म्हणजे विभाग, आहे. सूत पारखणारा सराफ त्यात अभिमानाने कातलेले तलम सूत परत करतो आणि प्रेमाने कातलेले जाडेभरडे सूत न तोलता ठेवून घेतो. इकडे विजापूरच्या सूफी परंपरेनेही सतराव्या शतकात दख्खनी भाषेत चक्कीनामे व चरखानामे रचून जात्यावरच्या आणि चरख्यावरच्या हातांना नामस्मरण जोडून दिले. आमच्या ओवीला हे शेजारघरचेच बोल.

फाळणीनंतर सिंधहून आलेल्या एका कुटुंबाची रिल्ली मी उल्हासनगरात हाती घेऊन पाहिली. एका बाजूचे टाके तांदळाएवढे बारीक, दुसऱ्या बाजूचे चांगले लांब. मधोमध दोन बायकांच्या ओळी येऊन भिडल्या होत्या, आणि त्या उसवून सारख्या कराव्यात असे कोणालाही वाटले नव्हते.