बूट आखडले की पाऊल वाढलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रामनवमी होऊन आठ-पंधरा दिवस झाले की आमच्या परळच्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन मंडळी येऊ लागत. लालबाग-परळच्या चाळींतून साईंच्या पालख्या निघतात. कसारा घाट चढून, घोटी-सिन्नर करीत, सुमारे अडीचशे किलोमीटर चालून लोक शिर्डीला पोचतात. परतताना गाडीने येतात, दोन दिवस घरच्यांकडून पाय चेपून घेतात आणि सोमवारी कामावर जायला बूट घालावेत, तर ते पायात जात नाहीत. "डॉक्टर, दिवाळीत घेतलेले बूट. पाण्यात भिजले नाहीत की काही नाही, मग आखडले कसे?" एका गृहस्थांनी मला अगदी दुकानदाराला विचारावं तसं विचारलं होतं. बूट होते तेवढेच होते. पाऊल वाढलं होतं.

आता पहिल्या काही दिवसांतलं वाढणं हे बहुतेक सुजेचं असतं. दिवसभर चाललं की पावलात पाणी उतरतं आणि रात्री पायाखाली उशी घेऊन झोपलं की बरंचसं ओसरतं. लांबच्या चालीत ते पुरतं ओसरायच्या आत दुसऱ्या दिवशीची वाट सुरू होते. त्यामुळे चाल संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे पाऊल जड राहतं. पण काहींचं पाऊल महिन्यानंतरही पूर्वीच्या मापावर येत नाही, आणि पुढे कधीच येत नाही.

हे कसं होतं? मोठ्या माणसाचं हाड काही लांब होत नाही. आपल्या एका पावलात २६ हाडं असतात आणि ती कमानीसारखी रचलेली असतात. कमान ताणून धरायला तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पडदा असतो, आणि हाडाला हाड बांधणारे लहानमोठे अस्थिबंध असतात. धनुष्याला दोरी असते ना, तसं समजा. प्रत्येक पावलाला अंगाचा भार या कमानीवर पडतो, ती किंचित दबते आणि पुन्हा वर येते. दिवसाला तीस-चाळीस हजार वेळा हे झालं, तर? घरातली नवारीची खाट आठवा. रोज झोपून झोपून नवार सैल पडते, मधे खोळ होते. खाटेची नवार पुन्हा आवळता येते, अस्थिबंध मात्र एकदा ताणला गेला की पूर्वीइतका घट्ट होत नाही. कमान बसते, म्हणून पाऊल लांब होतं. बोटांच्या मागची पाच लांब हाडं एकमेकांपासून जरा फाकतात, म्हणून चवडा रुंद होतो.

ही वाढ किती? आपल्याकडे चालणाऱ्या इंग्लिश मापात एका नंबरामागे इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर. कमान बसून पाऊल चार मिलिमीटरनी लांबलं की अर्धा नंबर गेलाच. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन पायवाटेवर पाच-सहा महिन्यांत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर चालणाऱ्यांमध्ये अर्धा-एक नंबर वाढणं ही नेहमीची गोष्ट आहे. आळंदी ते पंढरपूर त्या मानाने थोडं, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एका वारीने सहसा काही बिघडत नाही. पण आपली मंडळी एका वारीवर थांबतात कुठे? वर्षानुवर्षं जातात, तोवर वय वाढतं, वजन वाढतं, आणि हे सगळं मिळून कमानीवर येतं.

माझंच सांगतो. दवाखाना मुलाकडे सोपवल्यावर मी लागोपाठ चार वर्षं वारीला गेलो. दिवे घाट चढून सासवडला टेकलो की तळवे नुसते पेटलेले असत. पहिल्या वर्षी बूट सातचे होते, आज मी आठचे घालतो, आणि तेही डाव्या पायाला जरा घट्टच होतात. सौभाग्यवतींना याचं काहीच नवल वाटलं नाही. "माझ्या चपला थोरल्याच्या वेळेलाच बदलल्या, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? अंगावर पाणी चढलंय!" खरं आहे, मी तसंच म्हणालो होतो. पुढे २०१३ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी ४९ गरोदर स्त्रियांची पावलं आधी आणि बाळंतपणानंतर मोजली. निम्म्याहून अधिक जणींची पावलं लांब-रुंद झाली होती, आणि पाच महिन्यांनंतरही तशीच होती. कारण तेच, कमान बसलेली. माझं निदान चुकलं होतं, हे घरात तेव्हा कबूल करावं लागलं.

रुंद पावलाला आपण उगीच नावं ठेवतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. त्यातल्या सोललेल्या, भेगाळलेल्या तळव्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली, आणि मुंबईकरांनी त्यांना चपला आणून दिल्या. अनवाणी वावरणाऱ्यांचा चवडा मुळातच पसरट असतो. दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांची पावलं मोजून २००९ साली बेल्जियमच्या संशोधकांनी तेच दाखवलं आणि असा पाय भार जास्त समान वाटून घेतो, असंही सांगितलं. दुकानातला बूट मात्र परदेशी साच्यावर बेतलेला असतो. २०२१-२२ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोपी पावलापेक्षा रुंद असल्याचं दिसून आलं. रुंदी मिळावी म्हणून आपण एक नंबर मोठा बूट घेतो. मग टाच निसटते, पाऊल आत पुढे-मागे सरकतं आणि उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं.

नख काळं पडलं तर निभावतं. माझ्या एका रुग्णाचं निभावलं नाही. मधुमेही गृहस्थ, पन्नाशीचे, दरवर्षी शिर्डीला चालत जाणारे. परत आल्यावर जुनेच बूट ओढूनताणून घालत राहिले. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे बूट करंगळीला घासतोय हे त्यांना कळलंच नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या. जखम हाडापर्यंत गेली होती, करंगळी काढावी लागली. मी वर्षानुवर्षं त्यांची साखर तपासत होतो, गोळ्या बदलत होतो. मोजे काढायला मात्र एकदाही सांगितलं नव्हतं. त्यानंतर माझ्या दवाखान्यात मधुमेहाचा रुग्ण आला की आधी चपला बाहेर आणि पाय स्टुलावर.

माप घरीच घेता येतं. संध्याकाळी घ्या, सकाळी पाऊल लहान असतं. जमिनीवर कागद ठेवून त्यावर उभे राहा, बसून नको, कारण भार पडल्याशिवाय कमान दबत नाही. पेन्सिल उभी धरून दुसऱ्या कुणाकडून दोन्ही पावलांची कड काढून घ्या. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. चवड्याची रुंदीही मोजा. मोठ्या पावलाच्या मापाने बूट घ्या आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. लांब चालून आल्यावर लगेच दुकानात धावू नका, महिनाभराने पुन्हा मोजा. तोवर पट्ट्याची, सैल करता येणारी चप्पल घाला. मधुमेह असेल तर बंद, मऊ आणि ऐसपैस पादत्राण, आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवून बघायचं. कमान कितपत बसली हे बघायचं, तर आंघोळीनंतर ओला पाय कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवा. मधला भाग कोरा न राहता ठसा सलग उमटला, तर कमान बसलेली आहे. दुखत नसेल तर त्याला औषध नको. टाचा उचलून उभं राहण्याचा व्यायाम रोज करावा. त्याने ताणलेला अस्थिबंध आखडत नाही, पण पोटरीचे आणि पावलाचे स्नायू कमानीचा काही भार पेलू लागतात.

दोन्ही पावलं हळूहळू वाढली तर दुकानात जा. पण एकच पाऊल थोड्या दिवसांत सपाट झालं, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखू लागलं, किंवा मधुमेह असून पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं, तर ते दुखत नसलं तरी त्यावर भार न टाकता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही, तरी मोजे काढा.